कुवेतातली शाकारणी

अशरफ दावरे कुवेतच्या विमानतळावरच्या हवामान कचेरीत फर्राश होता. फर्राश म्हणजे शिपाई. चहा करायचा, टेबलं पुसायची, धुळीनं माखलेल्या खिडक्यांवर दिवसभर ओलं फडकं फिरवायचं. पण गल्लीत त्याला कुणी फर्राश म्हणत नसे. संध्याकाळी तो सायकलवरून आला, की गावकऱ्यांच्या खोलीच्या, म्हणजे गावाकडचे पुरुष मिळून राहत त्या खोलीच्या, उंबऱ्यावर बसलेली मंडळी हाळी देत, "काय मोसमसाहेब, उद्या काय पाडणार?"

"धूळ," अशरफ सायकल न थांबवताच सांगे. "लुंग्या बाहेर वाळत घालू नका."

आणि दुसऱ्या दिवशी बहुतेक वेळा धूळ येई. नाही आली, तरी मंडळींना चेष्टेला निमित्त मिळे. अशरफला दोन्ही आवडायचं.

तो कुलाबा जिल्ह्यातला, बाणकोट खाडीच्या काठचा. एकोणीसशे पन्नासच्या आसपास बोटीचं डेकचं तिकीट काढून कुवेतला उतरला, तेव्हा पहिलं वर्ष त्यानं विटा वाहिल्या. मग राजापूरच्या महबूब काझींनी त्याला कचेरीत चिकटवलं. महबूबभाई तिथे टेलिप्रिंटरवर होते. रोज सकाळी बसरा, बहारीन, तेहरानकडून आकडे येत, ते महबूबभाई फाडून साहेबापुढे ठेवत आणि साहेब त्यावरून नकाशा काढी. चहाचा कप ठेवता ठेवता अशरफ नकाशाकडे बघे. निळी, दातेरी रेघ असली म्हणजे थंड हवा उष्ण हवेच्या पोटाखाली घुसत पुढे सरकतेय, एवढं तो महबूबभाईंकडून शिकला होता. चौथीतून शाळा सुटलेल्या माणसाला ही रेघ ओळखता येते, याचं त्याला स्वतःलाच नवल वाटे. गल्लीत बातमी देताना तो "कोल्ड फ्रंट" हे शब्द मुद्दाम जरा सावकाश उच्चारी.

खतिजाला त्यानं पाच वर्षांनी आणलं. ती पाच वर्षं त्यानं गावकऱ्यांच्या खोलीत काढली होती. आठ-दहा पुरुष, एक स्टोव्ह, घामाचा आणि सुक्या बोंबलाचा वास, आणि कुणी आजारी पडला तर डोकं दाबायला दुसऱ्याचे खरबरीत हात. म्हणून जुन्या शहरात मातीच्या भिंतींची एक खोली मिळाली, पुढे लहानसं अंगण मिळालं, तेव्हा त्यानं एका बैठकीत सगळी भिंत चुन्यानं रंगवून काढली. खतिजा आली. वर्षभरात ताहिरा झाली. खतिजाचा धाकटा भाऊ यूसुफ अहमदीला तेल कंपनीच्या मेसमध्ये स्वयंपाक्याच्या हाताखाली लागला. तो दर गुरुवारी कंपनीच्या बसनं शहरात यायचा, बहिणीच्या हातचं जेवायचा आणि झोपायला समोरच्या गावकऱ्यांच्या खोलीत जायचा. अशरफला वाटू लागलं, की आता आपलं बस्तान बसलं.

मग जानेवारीत पाऊस आला.

कुवेतचा पाऊस तो किती! पण जुन्या शहरातल्या घरांची छपरं सपाट. आफ्रिकेहून गलबतांनी आणलेले बारीक वासे, त्यांवर बांबूच्या चिपांची जाळी, त्यावर चटई, आणि वर मातीचा गिलावा. भोवती गुडघाभर उंचीचा कठडा आणि त्या कठड्यातून गल्लीच्या अंगाला बाहेर काढलेल्या दोन लाकडी पन्हळी. आपल्याकडे देशावर धाब्याची घरं असतात, तसाच हा प्रकार. सोलापूरचा किंवा बीडचा माणूस असता तर त्यानं अशा छपराकडे एकदा बघून ओळख पटवली असती. अशरफचा जन्म उतरत्या कौलांखाली गेलेला. त्याच्या लेखी छप्पर म्हणजे पाणी वाहून टाकणारी वस्तू. हे सपाट छप्पर त्याला घर अर्धवट सोडून दिल्यासारखं दिसे.

त्या जानेवारीत गिलाव्याला गेलेल्या भेगांतून रात्रभर पाणी ठिबकलं. ताहिरा तेव्हा अंगावर पिणारी. तिला सर्दी झाली, सर्दी छातीत उतरली आणि हॉस्पिटलमध्ये आठवडा काढावा लागला. पोर वाचली. घरी आल्यावर खतिजानं ओल्या गादीचा कापूस उन्हात पसरला आणि नवऱ्याकडे न बघता म्हणाली, "ऐकून ठेवा. पुढच्या पावसाला माझ्या पोरीच्या अंगावर एक थेंब जरी पडला ना, तर मी मिळेल त्या बोटीनं घरी जाईन. तुम्ही तुमचा कुवेत सांभाळा."

खतिजा बोलली की करी. अशरफला पुन्हा तो स्टोव्ह आणि ते बोंबील दिसायला लागले.

मे महिना लागला. कचेरीत उन्हाळ्याचा पहिला अंदाज टाइप होऊन आला. महबूबभाईंनी तो वाचून दाखवला. यंदा पारा लवकर चढणार, जूनपासून धुळीची वावटळ जास्त. पण त्याआधी, येत्या शुक्रवारी, इराककडून थंड हवेची एक आघाडी कुवेतवरून जाईल. गडगडाट, वादळी वारे, जोराचा पाऊस.

"पाऊस? मे महिन्यात?" अशरफनं विचारलं.

"इथले लोक त्याला सरायात म्हणतात," महबूबभाई म्हणाले. "आपल्या वळवासारखाच. अचानक येतो, ढोल बडवतो, जातो. तुला काय, तू कोकणातला."

अशरफ खरंच कोकणातला होता. मे महिन्यात पावसाची चाहूल लागली की काय करायचं, हे त्याला कुणी शिकवावं लागत नव्हतं. गावी या दिवसांत घराघरांवर माणसं चढलेली असत. जुनं गवत काढायचं, नवा पेंढा चढवायचा, कौलं असली तर फुटकी बदलायची, पावसाच्या बाजूला झावळ्यांच्या झड्या बांधायच्या. शाकारणी झाली की घर पावसाला तयार. जितकं वर जास्त घालाल तितकं खाली कोरडं. हे तो शिकला नव्हता, हे त्याच्या अंगात होतं.

गुरुवारी दुपारी कचेरी लवकर सुटली. अशरफनं बाजारातून खजुरीच्या झावळ्यांच्या चटया आणल्या आणि एका गाढववाल्याकडून मातीची पोती आणवली. यूसुफ अहमदीहून आला तो शर्ट काढूनच कामाला लागला. अंगणात मातीत भुसा कालवून चिखल केला. खतिजानं ताहिराला बाजल्याला ओढणीनं बांधलं, सलवार गुडघ्यापर्यंत खोचली आणि चिखलात उतरली.

"बाई, बाई, कुवेतात येऊन लावणीचा चिखल तुडवतेस," यूसुफ म्हणाला.

"तू पाट्या उचल. मेसमध्ये कांदे सोलून हात बायकी झालेत तुझे."

"माझे हात? भावजींचे बघ. चहाच्या ट्रेशिवाय दुसरं वजन माहीत हाय त्यांना?"

"ए, मी विटा वाहिल्यात," अशरफ वरून ओरडला. "तू तेव्हा गावात खेकडे पकडत होतास."

फार दिवसांनी ती तिघं अशी हसली. अशरफनं चटया छपरावर अंथरल्या, कडेला कठड्यावर दुमडून घेतल्या, म्हणजे वाऱ्यानं उचलल्या जाणार नाहीत. त्या दुमडीखाली दोन्ही पन्हळींची तोंडं झाकली गेली. त्यानं ते पाहिलं. पाहिलं आणि त्याला बरंच वाटलं, कारण तिथूनच जानेवारीत वाऱ्याबरोबर पाणी उलटं छपरावर शिरलं असणार, असा त्याचा समज होता. चटयांवर त्यानं चांगला जाड चिखल चढवला आणि चिखल वाहून जाऊ नये म्हणून वर दगड मांडले.

"अजून एक थर द्या," खतिजा खालून म्हणाली. "चिखल उरलाय."

त्यानं अजून एक थर दिला.

शेजारच्या छपरावर उम्म लैला झाडू मारत होती. ती अशरफची घरमालकीण. तिचा नवरा तरुणपणी गलबतावरून मुंबईला जायचा, त्यामुळे तिला मोडकंतोडकं हिंदी येई. पावसाची कुणकुण तिलाही लागली होती आणि ती आपल्या छपरावरची वाळू, कबुतरांची पिसं, सगळं लोटून पन्हळींत काठी घालून त्या मोकळ्या करत होती. अशरफच्या छपराकडे बघून ती थांबली.

"ओ हिंदी आदमी! इतना मिट्टी क्यों?"

"बारिश आएगा, खाला."

"बारिश आएगा, मालूम. पानी किधर जाएगा?"

अशरफ हसला. वर्षातून चार वेळा पाऊस बघणारी बाई, आणि बाणकोटच्या माणसाला पावसाचं विचारते! "खाला, हमारे मुलुक में चार महीना बारिश. फिकर मत करो."

"मिट्टी निकालो," ती म्हणाली. "ज्यादा है. निकालो." मग तिनं हात झटकले, घर तिचंच होतं तरी भाडेकऱ्याशी भांडायला तिच्याकडे वेळ नव्हता, आणि ती खाली गेली.

"काय म्हणते?" खतिजानं विचारलं.

"म्हणते, पाणी कुठे जाणार."

यूसुफ खो खो हसला. "सांगायचं होतंत ना, खाडीत जाणार."

शुक्रवारी सकाळपासून आग्नेयेकडून दमट, चिकट वारा सुटला होता. दुपारच्या जुम्म्याच्या नमाजेनंतर तो पडला. तिसऱ्या प्रहरची असरची नमाज झाली आणि पश्चिमेला आभाळ आधी तांबूस, मग मातकट, मग शाईसारखं झालं. अशरफ अंगणात उभा राहून बघत होता. हीच ती निळी दातेरी रेघ. कागदावर बोटभर दिसायची, इथे अर्धं आभाळ भरून येत होती. वारा एकदम फिरला. वायव्येकडून धुळीची भिंत गल्लीत शिरली, दारं आपटली, कुणाचा तरी पत्रा उडत गेला. मग गार झुळूक आली आणि तिच्यामागून पाऊस.

हा पाऊस जानेवारीसारखा नव्हता. थेंब नव्हतेच, सरळ धारा. विजा शहरावर अशा पडत होत्या की मधे श्वास घ्यायला जागा नाही. अशरफ खोलीत धावला आणि त्यानं मान वर केली. एक कोपरा, दुसरा कोपरा, पाळण्याच्या वरची जागा. कुठे ओल नाही. कुठे ठिपका नाही.

"बघ," तो खतिजाला म्हणाला.

खतिजानं वर बघितलं. तिच्या चेहऱ्यावर हळूहळू जे हसू आलं, ते अशरफनं लग्नानंतर फार वेळा पाहिलं नव्हतं. "कोरडं हाय," ती म्हणाली. "अल्ला, अगदी कोरडं हाय हो."

समोर गावकऱ्यांच्या खोलीत आरडाओरडा चालला होता. त्यांचं छप्पर चार ठिकाणी गळत होतं. कुणी भांडी लावत होतं, कुणी वळकट्या उचलून मशिदीकडे पळत होतं. यूसुफ दारात डोक्यावर पत्र्याचा डबा धरून उभा होता. अशरफनं अंगणाच्या दारातून हाक मारली, "यूसुफ! तिथे कशाला भिजतोस? इकडे ये. माझ्याकडे कोरडं हाय!"

यूसुफ पळत आला. निथळत खोलीत शिरला, वर बघून त्यानं अदबीनं सलाम ठोकला. "मोसमसाहेब, मानलं." खतिजानं त्याला कोरडी लुंगी दिली, चहा दिला. तो चटईवर ऐसपैस आडवा झाला.

बाहेर गारा पडू लागल्या. कुवेतात गारा! ताहिरानं आयुष्यात प्रथम पाहिल्या. ती दाराकडे हात करून किंचाळायला लागली, म्हणून खतिजा तिला घेऊन उंबऱ्याबाहेर, दारावरच्या पत्र्याखाली उभी राहिली. अशरफ अंगणात उतरून पोरीसाठी गारा वेचू लागला.

आतून यूसुफचा आवाज आला, "भावजी, तुमचं छप्पर माझ्या चहात साखर घालतंय. माती पडते हाय बारीक."

"चाळून पी," अशरफ म्हणाला.

मग लाकूड करकरलं. जहाजावर वादळात डोलकाठी करकरते, तसा लांब, वाढत जाणारा आवाज. अशरफनं वर पाहिलं आणि त्याला दिसलं, की कठड्यावर दुमडलेल्या चटयांवरून पाणी बाहेर सांडतंय. शेजारी उम्म लैलाच्या छपराच्या पन्हळींतून पाण्याच्या जाड धारा गल्लीत कोसळत होत्या. त्याच्या पन्हळींतून थेंबही येत नव्हता. कठड्याच्या आत सबंध छपरावर पाऊस साठला होता, खाली ओला चिखल, वर दगड, आणि त्यावर तळं. सगळं त्या बारीक वाशांवर.

"यूसुफ, बाहेर ये!" त्यानं ओरडायला तोंड उघडलं. शब्द निघाले की नाही, हे त्याला पुढे कधीच नक्की आठवलं नाही.

छप्पर मधोमध बसलं. मोठा आवाज झाला नाही. ओल्या मातीचा आवाज दबका असतो.

गल्लीतली माणसं आली. उम्म लैलाचे मुलगे फावडी घेऊन आले. फावडं चालवता येत नव्हतं, खाली माणूस होता, म्हणून सगळ्यांनी हातांनी चिखल उपसला. काल ज्या चिखलात भुसा नीट मिसळला म्हणून अशरफनं खतिजाला शाबासकी दिली होती, तो चिखल आता दगडासारखा जड आणि तरी हातातून निसटणारा होता. पाऊस तोवर थांबला होता. आघाडी पुढे सरकली होती, अंदाजात म्हटलं होतं तशीच. पश्चिमेला स्वच्छ, धुतलेलं आभाळ दिसत होतं. यूसुफला बाहेर काढलं तेव्हा त्याच्या अंगावर जखम फारशी नव्हती. नाकातोंडात माती होती.

गल्लीतलं दुसरं एकही छप्पर पडलं नाही. गळली मात्र सगळी.

शनिवारी यूसुफला शहराबाहेरच्या कब्रस्तानात दफन केलं. लोक अशरफला धीर देत होते. अल्लाची मर्जी. असा पाऊस वीस वर्षांत झाला नव्हता. मातीची घरं, त्यांचा काय भरवसा. महबूबभाईही तेच म्हणाले. साहेबानं तर कचेरीत त्याला खुर्चीवर बसवलं, जे कधी घडलं नव्हतं, आणि सांगितलं की एवढ्या पावसाचा अंदाज आमच्याही कागदावर नव्हता. "बायकोला घेऊन घरी जा. रजा मी देतो. नोकरी राहील."

अशरफ म्हणाला, "नको साहेब. कामात राहिलो तर बरं वाटेल."

महबूबभाईंनी त्याच्याकडे पाहिलं. मग ते टेलिप्रिंटरकडे वळले.

खतिजा आणि ताहिरा उम्म लैलाच्या घरी होत्या. त्या बाईनं, "मी सांगितलं होतं" हे शब्द तोंडातून काढले नाहीत, आणि अशरफला त्याचा जास्त त्रास झाला. तीन-चार दिवसांनी खतिजानं त्याला अंगणात बोलावलं. ती खाली बसून ताहिराचे कपडे घड्या करून ट्रंकेत भरत होती.

"बोट सोमवारी हाय," ती म्हणाली. "तुम्ही पण चला."

"मी?"

"आईला तुम्ही सांगा. तिचा लहानगा तिनं तुमच्या भरवशावर धाडला होता. तुमच्या तोंडून तिनं ऐकलं पाहिजे. मारेल, शिव्या देईल, द्यायच्या तेवढ्या देईल. पण तुम्ही तिच्यासमोर बसा."

अशरफ भिंतीकडे बघत म्हणाला, "रजा नाही मिळायची."

खतिजाचे हात घडीवर थांबले. "साहेबानं दिली होती. महबूबभाई आले होते सकाळी."

अंगणात कोंबडी माती उकरत होती. अशरफची नजर तिच्यावर होती, पण त्याच्या डोळ्यांपुढे सासू उभी होती. उंबऱ्यावर बसून जाळं विणणारी, डाव्या डोळ्यात फूल पडलेली ती बाई. ती काय विचारेल हे त्याला माहीत होतं. ओरडणार नाही ती. ती विचारेल, तो तर दुसऱ्या खोलीत होता ना, मग तुझ्या छपराखाली कसा आला?

"ठीक हाय," खतिजा म्हणाली. "मी सांगेन."

"काय सांगशील?"

"जे झालं ते. चिखल मी तुडवला, अजून एक थर द्या म्हणून मीच बोलले, ते पण सांगेन. मला लाज वाटून काय होणार? पण पहिला शब्द तुमचा पाहिजे होता." तिनं ट्रंकेचं झाकण लावलं. "मला तुमचा राग नाय. म्हणजे हाय, पण तो जाईल. तुम्ही आला असतात तर मी परत पण आले असते."

सोमवारी तो बंदरावर गेला. ट्रंक त्यानंच पडावात चढवली. ताहिरा झोपली होती. खतिजानं त्याला "जपून राहा" म्हटलं, जसं कुणालाही म्हणावं.

ती परत आली नाही. अशरफ पुन्हा गावकऱ्यांच्या खोलीत राहायला गेला. त्याला कुणी मोसमसाहेब म्हणेनासं झालं. त्यानं सांगितलं नव्हतं, लोकांनी आपण होऊन सोडलं. जुन्या शहरातली मातीची घरं सरकारनं एकेक करून पाडली, तिथे सिमेंटच्या इमारती उभ्या राहिल्या. विमानतळ हलला, कचेरी हलली, साहेब बदलले. खतिजाला तो दर महिन्याला पैसे धाडी. गावातलं कुणी रजेवर निघालं की विचारी, "घरी काय निरोप?" आणि अशरफ म्हणे, "सांग, बरा हाय."

परतलेला माणूस सासूचा निरोप आणी. दरवेळी तोच. "त्याला म्हणावं, मला सगळं कळलंय. एकदा येऊन बस."

अशरफ मान हलवी. पुढल्या वर्षी जाऊ. या वर्षी कचेरीत माणसं कमी आहेत. पुढल्या वर्षी.

सात-आठ वर्षांनी शुऐब्याचं नवं बंदर बांधायला घेतलं, त्या सुमारास गावचा एक सुतार रजेवरून परतला. त्यानं खोलीत सगळ्यांना आंब्याची साठं वाटली, कुणाच्या पोराचं लग्न, कुणाच्या विहिरीला पाणी, सगळं सांगितलं. अशरफ कोपऱ्यात बसून ऐकत होता. निरोपाची त्याची वेळ आली तेव्हा सुतारानं खाली बघितलं.

"तुमच्या सासूबाई रमजानच्या आधीच गेल्या, अशरफभाई. खतिजानं तुम्हाला कळवलं असेल असं वाटलं मला."

"हो, हो," अशरफ म्हणाला. त्याला कळवलं नव्हतं. त्यानं साठाचा तुकडा तोंडात टाकला आणि तो तसाच गालात धरून बसला.